उरलेली पुस्तके

आपल्या भाषेत ‘चाळिशी’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक वयाचा आणि दुसरा चष्म्याचा. माणूस पहिल्या चाळिशीत शिरला की दुसरी त्याच्या नाकावर येऊन बसते, हे पूर्वजांनी एका शब्दात सांगून ठेवले आहे. मला पहिली लागून सहा वर्षे झाली. दुसरी मात्र मी मोठ्या निर्धाराने चुकवीत आले होते. पुस्तक डोळ्यांपासून हळूहळू दूर धरीत गेले. दिव्याला दोष दिला, छपाईला दोष दिला, प्रकाशक हल्ली अक्षरे फार बारीक घालतात असेही म्हणून पाहिले. शेवटी हातच पुरेनासे झाले, तेव्हा बेळगावच्या बाजारात एका चष्मेवाल्याकडे गेले. त्याने काचा बदलून पाहिल्या आणि म्हणाला, “बाई, दीड नंबर आहे. लाजू नका, सगळ्यांनाच लागते.”

परतीच्या बसमध्ये नवा चष्मा लावून मी हातातले पुस्तक उघडले. लहानपणी दिसत असत तशी अक्षरे स्वच्छ, काळीभोर दिसू लागली. मला अतिशय आनंद झाला, आणि त्या आनंदाच्या पाठोपाठ एक प्रश्न मनात आला. हे डोळे आता काचेच्या आधाराने चालणार. मग या डोळ्यांनी वाचायची अशी पुस्तके आता किती उरली असतील? आज आपल्याशी मी बोलणार आहे ते या प्रश्नाविषयी.

प्रथम माझी ओळख सांगितली पाहिजे. मी खानापूर तालुक्यातील एका मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. पीयुसीनंतर टी. सी. एच. केले आणि नोकरीला लागले; त्यापुढे शिकण्याचा योग आला नाही. तेव्हा साहित्याची अभ्यासक म्हणून मी बोलते आहे असे कोणी समजू नये. ज्यांना वाचल्याशिवाय चैन पडत नाही, अशा असंख्य माणसांपैकी मी एक आहे, इतकाच माझा अधिकार.

माझ्यासारख्या संसारी बाईला वाचायला वेळ कधी मिळतो, असे मला पुष्कळजण विचारतात. त्यांना मी सांगते की, वेळ मिळत नाही. तो चोरावा लागतो. पहाटे पाच वाजता उठून सकाळची प्रार्थना झाली की घर जागे होण्यापूर्वीचा अर्धा तास माझा असतो. ओट्यावर तांदळाच्या डब्याला पुस्तक टेकवून ठेवायचे, चुलीवर चहा आणि डोळ्यांपुढे पान. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत चार पाने होतात. या पद्धतीचा दोष असा की, पानांवर हळदीचे अंगठे उमटतात. वाचनालयातील गृहस्थ परत आलेले पुस्तक उघडून न पाहताच सांगत, “हे खानापूरच्या बाईंकडचं.” तेव्हापासून मी पुस्तकाला वर्तमानपत्राचे वेष्टन घालते आणि पान उलटण्यापूर्वी हात पदराला पुसते.

दुसरा वेळ बसमधला. घरापासून शाळेपर्यंत पाऊण तासाचा प्रवास आहे. आमच्याकडे पावसाळा सह्याद्रीचा. जूनपासून खिडक्या बंद, काचांवर वाफ आणि बसमध्ये ओल्या छत्र्यांचे तळे. बसायला जागा मिळाली तर मांडीवर पुस्तक, न मिळाली तर एक हात दांडीला आणि दुसऱ्या हातात पुस्तक. आजकाल बहुतेक उतारूंच्या हाती मोबाईल असतो, माझ्या हाती पुस्तक असते. मान दोघांचीही खालीच. मी त्यांना नावे ठेवीत नाही. त्यांच्यापैकी कितीजण त्या चिमुकल्या पडद्यावर कादंबरी वाचत असतील, कोणी सांगावे?

तिसरा वेळ मधल्या सुट्टीतला, तो दहाच मिनिटांचा. आणि चौथा रात्रीचा. सर्वांची निजानीज झाली की मी मनाशी म्हणते, फक्त एक पान. हे एक पान आजवर कधीही एक राहिलेले नाही. पावसात वीज गेली की यजमान सुटकेचा निःश्वास टाकतात. पण उशीखाली बॅटरी आहे, हे त्यांनाही ठाऊक आहे.

या चार वेळांना चार प्रकारची पुस्तके लागतात, हे मी अनुभवाने शिकले. स्वयंपाकघरात प्रवासवर्णन किंवा ललित निबंध चालतो. कोठेही थांबता येते. मधल्या सुट्टीत कविता. बसमध्ये कथा, मात्र जी. ए. कुलकर्णी यांची कथा बसमध्ये वाचू नये. मी एकदा वाचली आणि दोन थांबे पुढे जाऊन उतरले. पावसातून परत चालत येताना मला त्यांचा राग आला नाही, यावरून त्या कथेची योग्यता ओळखावी. मोठ्या कादंबऱ्या मे महिन्याच्या सुट्टीसाठी राखून ठेवाव्या. आणि रविवारी मिस्सा आटोपून, जेवणे होऊन दुपारी जो तास-दीड तास मिळतो, तो ज्या पुस्तकाची मनापासून ओढ लागली असेल त्याला द्यावा.

पुस्तके येतात तीन वाटांनी. पहिली वाट बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयाची. त्याची स्थापना १८४८ सालची, म्हणजे मुंबई विद्यापीठाहून ते नऊ वर्षांनी वडील आहे. शिक्षणासाठी बेळगावला राहिले तेव्हा मी त्याच्या पायऱ्या पहिल्यांदा चढले. ‘यमुनापर्यटन’ ही १८५७ सालची, मराठीतील पहिली म्हणून मानली जाणारी कादंबरी लिहिणारे बाबा पदमनजी याच गावी जन्मले; जी. ए. कुलकर्णी यांचे बालपण येथे गेले. इंदिरा संत यांनी आयुष्याचा फार मोठा काळ येथे अध्यापनात आणि काव्यलेखनात घालविला. ज्यांची पुस्तके कपाटात आहेत, ती माणसे याच रस्त्यांवरून चालत गेली, ही गोष्ट खेड्यातून आलेल्या अठरा-वीस वर्षांच्या मुलीला केवढी वाटली असेल, याची आपण कल्पना करा.

दुसरी वाट रद्दीच्या दुकानाची. तेथे ज्ञान वजनावर मिळते. मुखपृष्ठ गेलेली, पहिली आठ पाने नसलेली पुस्तके मी तेथून आणली आहेत आणि काही कादंबऱ्यांचा आरंभ मला अद्याप माहीत नाही. तिसरी वाट मैत्रिणींची. आम्ही सहा शिक्षिका दिवाळीत प्रत्येकी एक अंक घेतो आणि तो आळीपाळीने फिरवितो. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून जी प्रथा पाडली, तिच्या कृपेने आमची दिवाळी होळीपर्यंत पुरते.

आता मुद्द्याकडे येते. १९९९ साली नोकरीला लागले तेव्हा मी एक वही घातली. वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाचा क्रमांक, नाव, लेखक, वाचून संपल्याची तारीख आणि एका ओळीचा अभिप्राय. ही वही माझा मोठा अभिमानाचा विषय होता. दुसऱ्या बायका दागिने पुन्हा पुन्हा पाहतात, तशी मी ती उघडून पाहत असे. क्रमांक शंभरावर गेला तेव्हा मी घरात शिरा केला होता; पाचशेवर गेला तेव्हा मुलांनी केक आणला.

चष्मा घेऊन आले त्या रात्री मी ती वही काढली आणि हिशेब मांडला. सव्वीस वर्षांत ६२४ पुस्तके. वर्षाला सरासरी २४, महिन्याला दोन. डोळ्यांनी आणि देवाने सत्तरीपर्यंत साथ दिली, तर माझ्यापाशी २४ वर्षे आहेत. चोवीस गुणिले चोवीस, पाचशे शहात्तर. मी हा गुणाकार दोनदा करून पाहिला. मुलांना रोज गणित शिकविणारी मी. परंतु कोणत्याही गुणाकाराच्या उत्तराने मी इतकी हबकले नव्हते. पाचशे शहात्तर पुस्तके म्हणजे किती? वाचनालयातील दोन-तीन कपाटे. बाकीची सगळी कपाटे, सगळ्या भिंती, आणि यापुढे लिहिली जाणारी सगळी पुस्तके माझ्यावाचून तशीच राहणार.

पहिला विचार मनात आला तो वेग वाढविण्याचा. रात्रीचे एक पान दहाचे आहे ते वीसचे करावे, रविवारचा तास वाढवावा. त्यासाठी कोणती पुस्तके राहिली आहेत ते पाहावे म्हणून वही पहिल्यापासून चाळू लागले, आणि एका ठिकाणी थबकले. क्रमांक २१३ आणि क्रमांक ५४० येथे एकाच कादंबरीचे नाव होते. मध्ये बरीच वर्षे लोटली होती. दोन्ही ठिकाणी अभिप्राय एकच होता, “चांगली आहे.” म्हणजे मी ती कादंबरी दोनदा वाचली होती; दुसऱ्यांदा वाचताना आपण ती पूर्वी वाचली आहे याचा मला पत्ताही लागला नव्हता; आणि आता वहीत पाहतानाही तिच्यातील एक माणूस, एक घर, एक प्रसंग मला आठवेना. कादंबरीचे नाव मी सांगत नाही, कारण दोष तिचा नव्हता. मग मी भीतभीत इतर नावांवर बोट ठेवून स्वतःची परीक्षा घेऊ लागले. निम्म्याहून अधिक पुस्तकांविषयी मला, परीक्षेत मूल लिहिते तशी, दोन वाक्येसुद्धा लिहिता आली नसती. ६२४ हा आकडा खरा होता, पण तो मी उलटलेल्या पानांचा होता. माझ्यापाशी राहिलेल्या पुस्तकांचा आकडा फार लहान होता.

आणि त्या रात्री मला माझ्या आईची आठवण झाली.

माझी आई चौथीपर्यंत शिकलेली होती. मुलीपणी ती एका कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात राहून शिवणकाम शिकली. तेथून निघताना एका सिस्टरने तिला लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ भेट दिली. आईने आयुष्यात पुरे वाचलेले पुस्तक ते एकच. दर पावसाळ्यात शिवणाचे काम कमी झाले की ती ते काढी, ओळीखाली बोट धरी आणि ओठ हलवीत सावकाश वाची. संपले की कापडात गुंडाळून ठेवी. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पहिल्या पानापासून. मी शिक्षिका झाले, वाचनालयातून चांगली चांगली पुस्तके आणून तिच्यापुढे ठेवू लागले. ती कौतुकाने हातात घेई, चित्रे पाही आणि परत देई. खरे सांगायचे तर, माझ्या आईने एकच पुस्तक वाचले आहे याची मला मनातून थोडी लाज वाटे.

लक्ष्मीबाईंच्या पुस्तकातील माणसे आमच्या घरात शेजाऱ्यांसारखी वावरत. मीठसुद्धा धुवून घेण्यापर्यंत सोवळे पाळणारे त्यांचे वडील; हातात आलेला पैसा गरजवंताला देऊन मोकळ्या हाताने घरी येणारे टिळक; नवऱ्याने १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर उद्ध्वस्त झालेली आणि पुढे पाच वर्षांनी स्वतःच्या पावलांनी, स्वतःच्या विचाराने त्या वाटेवर आलेली ती बाई. माझे वडील कोणाला उसने पैसे देऊन आले की आई एवढेच म्हणे, “आले आमचे टिळक!” घरात भांडण झाले, कोणी दुखावले, कोणी जातीवरून बोलले, की तिला त्या पुस्तकातील काहीतरी आठवे आणि ती पुढे कसे वागायचे ते ठरवी. ते पुस्तक १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाले, मराठी आत्मचरित्रांत त्याला फार मोठे स्थान आहे, यातले तिला काही ठाऊक नव्हते. तिच्या लेखी लक्ष्मीबाई म्हणजे संकटातही हसणारी एक थोरली बहीण होती.

शेवटच्या दोन वर्षांत मधुमेहाने आईची दृष्टी गेली. तेव्हा रात्री मी तिला ते पुस्तक वाचून दाखवू लागले. मी सवयीप्रमाणे भरभर वाचत असे. निजण्यापूर्वी मला माझे स्वतःचे पुस्तक उरकायचे असे. एके रात्री ती मध्येच म्हणाली, “थांब गो. एक वाक्य गाळलंस.” मी म्हटले, “नाही आई, सगळं वाचलं.” ती म्हणाली, “परत बघ.” मी परत पाहिले. खरोखरच एक वाक्य, लहानसे, गळले होते. मी ते वाचले तेव्हा तिने समाधानाने मान हलविली. ज्या बाईला ओळीखाली बोट धरल्याशिवाय वाचता येत नव्हते, तिला पुस्तकातील वाक्य न् वाक्य ठाऊक होते. आणि पाचशे पुस्तके वाचलेल्या मला हातातल्या पुस्तकातील वाक्य गळल्याचे कळले नव्हते.

मला त्या वेळी गंमत वाटली. मैत्रिणींना मी ती गोष्ट हसत हसत सांगितली. आई २०१९ साली गेली. त्या गोष्टीत हसण्यासारखे काही नव्हते, हे समजायला मला नाकावर चाळिशी यावी लागली.

एखादे पुस्तक जगते कशाने, हा प्रश्न मी त्यानंतर मनाशी पुष्कळ घोळविला आणि मला आमच्या शेजारच्या गोव्यातील एक उदाहरण आठवले. इंग्लंडात जन्मलेले जेझुइट धर्मगुरू फादर टॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले, येथील लोकांची भाषा शिकले आणि त्यांनी मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ साली राशोलच्या मुद्रणालयात रोमन लिपीत छापून निघाला. १६४९ आणि १६५४ साली तो पुन्हा छापला गेला. त्या काळी एखाद्या मराठी ग्रंथाच्या तीन आवृत्त्या निघाव्या, ही गोष्ट सामान्य नव्हे. पण श्रोते हो, या तीन आवृत्त्यांपैकी एकही छापील प्रत आज कोठे असल्याचे आढळत नाही. छापखान्याचे सारे काम काळाने पुसून टाकले. तरीही ग्रंथ वाचला, कारण तो वाचणाऱ्यांनी, गाणाऱ्यांनी हाताने उतरून घेतला होता. अशा हस्तलिखितांवरून १९०७ साली मंगळूरला त्याची नवी आवृत्ती निघाली, आणि १९५६ साली पुण्याला तो देवनागरीत प्रसिद्ध झाला. विकत घेऊन कपाटात ठेवलेल्या प्रती गेल्या. ज्यांना पुन्हा पुन्हा वाचल्यावाचून राहवले नाही, त्यांच्या प्रती राहिल्या. अकरा हजार ओव्या हाताने लिहून काढणाऱ्या त्या अनाम माणसांच्या वहीत वर्षाला चोवीस पुस्तकांची नोंद खचित नसेल.

हे सर्व मला समजले असे मी म्हणते. पण समजण्यापूर्वी माझ्या हातून एक चूक झाली होती, तीही सांगणे प्राप्त आहे.

शनिवारी आमची सकाळची शाळा असते. शेवटच्या तासाला मी सहावीच्या वर्गाला पुस्तक वाचून दाखविते. त्या वर्षी साने गुरुजींची ‘श्यामची आई’ घेतली होती. गुरुजींनी ती १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. प्रकरणांना त्यांनी ‘रात्र’ म्हटले आहे, आणि अशा एकूण बेचाळीस रात्री आहेत. आठवड्याला एक रात्र धरली तरी वर्ष पुरत नाही, म्हणून मी काही रात्री गाळून, काही जोडून पुस्तक वर्षात संपवायचेच असा नेम केला होता. वर्गात मागच्या बाकावर एक मुलगा बसे. वाचनात कच्चा, जोडाक्षर आले की अडखळणारा. पण ऐकताना मात्र डोळ्याची पापणी न हलविणारा. एका शनिवारी तो उभा राहिला आणि म्हणाला, “बाई, मागच्या शनवारचंच परत वाचा की.” मी म्हटले, “अरे, ते झालं ना? पुढचं ऐक. नाहीतर पुस्तक संपायचं कधी?” तो खाली बसला. मी पुढची रात्र वाचली.

नंतरच्या शनिवारी त्याची जागा रिकामी होती. त्याच्या आईवडिलांना गोव्यात बांधकामावर काम मिळाले होते आणि घरातली सगळी माणसे तिकडे गेली होती. आमच्या भागात ही गोष्ट नित्याची आहे. पटावरचे एक नाव कमी झाले, हजेरीपुस्तकात मी शेरा लिहिला. ते पुस्तक आम्ही मार्चमध्ये संपविले. मुलांनी टाळ्या वाजविल्या. मला मात्र त्या मुलाचे ते वाक्य आजही ऐकू येते. आईने जे वाक्य मला परत वाचायला लावले, तेच तो मागत होता. त्याला ते प्रकरण आपले करून न्यायचे होते; मी त्याला पुढच्या प्रकरणाकडे ढकलले. कोणती रात्र त्याला परत ऐकायची होती, हेदेखील मी त्याला विचारले नाही.

म्हणून चष्मा घेतल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी नवे पुस्तक उघडले नाही. वहीत ज्याच्यापुढे मी वीस वर्षांपूर्वी “छान, ओघवती” असा शेरा मारला होता, ते व्यंकटेश माडगूळकरांचे ‘बनगरवाडी’ पुन्हा काढले. विशीत मी ते वाचले तेव्हा मला त्यातील मेंढरे, माळ, धनगरांचे बोलणे यांचीच मौज वाटली होती. त्यातला तरुण मास्तर मला फारसा आठवतही नव्हता. या वेळी मी वाचले ते त्या मास्तरचेच पुस्तक. शाळेत मूल यावे म्हणून दारोदार जाणारा, गावाचा हळूहळू होऊन जाणारा, आणि शेवटी दुष्काळाने वाडी ओस पडताना ती डोळ्यांनी पाहणारा तो मास्तर. वाचता वाचता माझ्या वर्गातली मागच्या बाकावरची रिकामी जागा माझ्यापुढे उभी राहिली, आणि काही वेळ मला अक्षरे दिसेनाशी झाली. तो दोष नव्या काचांचा नव्हता. १९५५ साली पुस्तकरूपाने आलेली ही कादंबरी वीस वर्षांपूर्वी होती तशीच होती. शब्दही बदलला नव्हता. वाचणारी बदलली होती, आणि आपण किती बदललो हे तिला त्या पुस्तकाने दाखवून दिले. नव्या पुस्तकापाशी हे मोजमाप नसते.

याचा अर्थ नवी पुस्तके वाचू नयेत असा कृपा करून घेऊ नका. तसे म्हणणारी मी कोण? दिवाळी अंक आला की अजूनही माझ्या हाताला कंप सुटतो. नव्या पुस्तकाचा वास घेतल्याशिवाय मी ते उघडत नाही. तरुण मुलामुलींनी तर हाताला लागेल ते वाचावे, अधाशासारखे वाचावे. शंभर घरांची दारे ठोठावल्याशिवाय आपले घर कोणते ते कळत नाही. माझ्या त्या ६२४ पुस्तकांचा मला पश्चात्ताप होत नाही. विसरलेल्या पुस्तकांनीही मला काही ना काही दिले असेल. रोजच्या जेवणाची कोणाला आठवण असते? पण अंगात रक्त त्याचेच असते. मात्र एका वयानंतर माणसाने आपली कोणती पुस्तके हे ठरवावे, आणि त्यांच्याकडे माहेरी जावे तसे परत परत जावे, एवढेच माझे सांगणे आहे.

मी माझ्यापुरती व्यवस्था अशी केली आहे. महिन्याला दोन पुस्तके, हा नेम तोच आहे. त्यांपैकी एक नवे आणि एक जुने. जुन्या वहीतला क्रमांक ६२४ वर थांबविला आणि नवी वही घातली. तिच्यात क्रमांक नाहीत. एका पुस्तकाला एक पान. पुस्तक पुन्हा वाचले की त्याच पानावर नवी तारीख आणि या वेळी काय दिसले ते लिहायचे. पहिले पान अर्थातच ‘स्मृतिचित्रे’चे आहे. आईची प्रत आता माझ्याकडे आहे. तिच्या बोटाने पानांच्या कडा मऊ झाल्या आहेत. पाऊस सुरू झाला की मी ती काढते आणि सावकाश, एकही वाक्य न गाळता, मोठ्याने वाचते. यजमान वर्तमानपत्र खाली ठेवून ऐकतात असे माझ्या लक्षात आले आहे. ते मान्य करीत नाहीत.

शनिवारचा शेवटचा तासही चालूच आहे. वर्ग लहान झाला आहे. परंतु तास सुरू होताना मी आता प्रथम विचारते, “आज पुढचं वाचू, की मागचं परत?” आपल्याला आश्चर्य वाटेल, पुष्कळदा मुले ‘मागचं’ म्हणतात. मग मी मागचे वाचते. वर्षअखेर पुस्तक संपत नाही. मुख्याध्यापकांनी एकदा हसून विचारले, “बाई, तुमची ‘श्यामची आई’ अजून तिथंच?” मी म्हटले, “होय सर, अजून तिथंच.”

तेव्हा श्रोते हो, माझ्या हिशेबाने माझी पाचशे शहात्तर वाचने उरली आहेत. त्यांतली निम्मी मी ओळखीच्या पुस्तकांना देऊन टाकली आहेत. हिशेब कमी झाला, पण त्या रात्री वाटलेली भीती मात्र राहिली नाही. आपणही आज घरी कपाटापुढे उभे राहा. ज्या पुस्तकाने कधीकाळी आपल्याला रात्रभर जागविले होते, ते वरच्या फळीवर, मागच्या रांगेत कोठेतरी असेल. धूळ झटका आणि पहिले पान उघडा. अक्षरे जरा अंधूक दिसली तर लाजू नका. चाळिशी सगळ्यांनाच लागते.